जुन्या इंजिनाला ऑइल प्रेशरचा काटा बसवताना : कामाच्या नोंदी

५ ऑक्टोबर

इंजिन उतरवून तीन आठवडे झाले. चार सिलिंडर, कास्ट आयर्नचा ब्लॉक, कॅमशाफ्ट खाली आणि ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर फिरणारा. क्रँक ग्राइंडिंगला गेलाय, ब्लॉक स्टँडवर रिकामा उभा आहे. सेन्सरचं काम आत्ताच काढण्याचं कारण एकच. गेल्या वेळी बेअरिंग गेली तेव्हा डॅशबोर्डवरचा लाल दिवा शेवटपर्यंत लागला नव्हता.

दिव्याचा त्यात दोष नव्हता. दिव्याचा स्विच तेलाचं प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार म्हणजे प्रेशर मोजायचं एकक) खाली गेल्यावरच जोडतो. गाडी ३००० आरपीएमवर पळते आहे आणि प्रेशर १ बार आहे, ही बेअरिंगची वाट लागायला पुरेशी परिस्थिती आहे, पण स्विचच्या लेखी सगळं आलबेल. म्हणून यावेळी दिवाही ठेवायचा आणि काटाही बसवायचा. दिव्यासाठी स्विच, काट्यासाठी सेंडर (प्रेशरप्रमाणे ज्याचा विद्युत रोध बदलतो असा सेन्सर), दोन्ही ब्लॉकवरच्या एकाच भोकावर.

जुना स्विच काढला. त्यावर काही लिहिलेलं नाही. मी आधीच १/८ आट्यांचा सेंडर आणून ठेवला होता, तो लावून बघितला. दोन फेरे सरळ गेला आणि घट्ट झाला. निमुळता आटा असाच घट्ट होत जातो म्हणून पान्याने आणखी अर्धा फेरा दिला. इथे चुकलो.

काढून पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची दातेरी पट्टी) लावल्यावर कळलं. ब्लॉकमध्ये १/८ बीएसपी आहे, म्हणजे ब्रिटिश पाइपचा आटा, इंचाला २८ आटे आणि आट्याचा कोन ५५ अंश. माझा सेंडर १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकन पाइपचा आटा, इंचाला २७ आटे, कोन ६० अंश. एका आट्याचा फरक, त्यामुळे सुरुवातीला दोन फेरे गोडीगुलाबीने जातात आणि मग एकमेकांना खातात. सेंडर पितळेचा असल्यामुळे मार बहुतेक त्यानेच खाल्ला, पण ब्लॉकचे पहिले दोन आटेही काठावर दुमडले आहेत.

ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी: जुन्या गाड्यांत १/८ एनपीटी, १/८ बीएसपी आणि एम१०×१ (१० मिमी जाडी, १ मिमी अंतराचे मेट्रिक आटे) हे तीन नेहमी भेटतात आणि तिन्ही डोळ्यांना सारखे दिसतात. व्हर्नियरवर विसंबू नका. निमुळत्या आट्यावर तो कुठे धरता त्यावर आकडा बदलतो. पिच गेज लावा आणि उजेडासमोर धरून बघा. आणि नवीन सेंडरवर नाही, गाडीतून निघालेल्या जुन्या स्विचवर लावा.

सेंडर परत घेतला नाही. आट्यांवर खुणा पडलेल्या, कोण घेणार?

८ ऑक्टोबर

१/८ बीएसपीचा निमुळता टॅप मिळवला. टॅपच्या खाचांत ग्रीस भरून हाताने, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. नवीन आटे पाडायचे नाहीत, दुमडलेले सरळ करायचे, इतकंच. ग्रीसमध्ये किसाचे तीन-चार चमकते कण आले. तेवढे बघूनच पोटात गोळा आला, कारण हे भोक मेन गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेत उघडतं. गॅलरी फिल्टरच्या पुढे असते. तिथे पडलेला कण फिल्टरला भेटत नाही, थेट मेन बेअरिंगला भेटतो.

म्हणून गॅलरीच्या दोन्ही टोकांची बुचं काढली. एक सहज निघालं, दुसऱ्याला तास गेला (टॉर्चने गरम करून, थोडं मेण लावून, मग निघालं). लांब ब्रश आरपार फिरवला, ब्लॉक धुऊन आणला, परत ब्रश, मग हवा. पांढरा कपडा ओढून स्वच्छ निघेपर्यंत. ब्लॉक रिकामा होता म्हणून हे शक्य झालं. हीच चूक इंजिन जोडल्यावर केली असती तर सगळं परत उलगडावं लागलं असतं.

गॅलरीच्या मागच्या बुचाला ड्रिल करून तिथे सेंडर बसवायचाही विचार होता. जागा उत्तम, पण इंजिन बसल्यावर तिथे फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापर्यंत) चार बोटं अंतर उरतं. सेंडर बदलायची वेळ आली तर गिअरबॉक्स सैल करा. फिल्टरखाली बसणारी मधली प्लेट हाही पर्याय असतो, पण तिने फिल्टर खाली सरकतो आणि माझ्याकडे स्टिअरिंगच्या दांड्याला घासला असता. एका भोकाला दोन तोंडं देणारा टी-जोडच बरा.

१२ ऑक्टोबर

नवीन सेंडर आला, एम१०×१ आट्याचा. पितळी टी-जोडही तसाच निवडला: ब्लॉककडचं तोंड १/८ बीएसपी बाहेरचे आटे, एक तोंड १/८ बीएसपी आतले जुन्या स्विचसाठी, एक तोंड एम१०×१ आतले सेंडरसाठी.

बसवण्याआधी टेबलावर तपासायचं ठरवलं. पूर्ण कामातला हा सगळ्यात शहाणा निर्णय, आणि तोही केवळ पावसामुळे दुसरं काम करता येईना म्हणून घेतलेला. कंप्रेसरच्या नळीला टी-जोड, एका तोंडाला तेलाच्या नळीवर चालणारा साधा यांत्रिक गेज, दुसऱ्याला सेंडर. मल्टिमीटरची एक पिन सेंडरच्या टोकाला, दुसरी त्याच्या अंगाला. मिळालेले आकडे:

० बार – ११ ओहम
१ बार – ४९
२ बार – ८३
३ बार – ११५
४ बार – १५०

म्हणजे १० ते १८० ओहमचा, ५ बारचा सेंडर, जसा हवा तसा. एका बारला साधारण ३४ ओहम. हा आकडा पुढे फार कामाला आला.

मग डॅशबोर्डवर लावायचा काट्याचा गेज सेंडरला जोडला, बॅटरी दिली. प्रेशर शून्य आणि काटा थेट शेवटाला. हवा भरत गेलो तसा काटा खाली. उलटा!

गेज वेगळ्या जातीचा निघाला. तो २४० ते ३३ ओहमवर चालतो, म्हणजे शून्य प्रेशरला २४० आणि पूर्ण प्रेशरला ३३. माझा सेंडर शून्याला ११ देतो, तर गेजला वाटतं प्रेशर कळसाला पोहोचलंय. गेज आणि सेंडर दोन वेगळ्या ठिकाणांहून, दिसायला आवडले म्हणून घेतले, त्याचं हे फळ. एकच जोडी घ्या. ओहम जुळले तरी पल्ला जुळतोय का ते बघा. १० बारचा सेंडर ५ बारच्या गेजला लावला तर काटा अर्धाच आकडा दाखवेल आणि तुम्ही विनाकारण पंप उघडत बसाल.

गेजचे पैसे दोनदा गेले, आणि चार दिवस.

२ नोव्हेंबर

क्रँक आला, बेअरिंग बसली. बेअरिंगमधली अंतरं प्लास्टिगेजने (दाबून चपटी होणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक दोरीने) मोजली, सगळी मर्यादेत. चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) पॅकिंगला सिलिकॉन सढळ हाताने लावलं. (या वाक्याकडे नंतर परत यायचंय.)

टी-जोड बसवला. टेफ्लॉन टेप वापरली नाही. सेंडरला एकच वायर असते, परतीचा रस्ता त्याच्या अंगातून, आट्यांतून, ब्लॉकमध्ये जातो. टेपचे जाड वेढे मध्ये आले की अर्थिंगचा भरवसा राहत नाही. शिवाय टेपची चिंधी सुटून गॅलरीत गेली तर बारीक वाटेत अडकते. आटे बुजवायचं पातळ द्रव्य लावलं, तेही टोकाचे पहिले दोन आटे कोरडे सोडून. हाताने घट्ट आणि मग पान्याने दीड फेरा. निमुळता आटा पाचरीसारखं काम करतो, जोर जास्त झाला तर ब्लॉकच्या उंचवट्याला तडा जातो. तो तडा गेला की टी-जोडाचा नव्हे, ब्लॉकचा प्रश्न होतो.

सेंडर फिरवताना पाना त्याच्या षटकोनावरच. वरचा डबा पकडून फिरवला तर तो पत्र्याच्या जोडापाशी सैल होतो आणि आतली तार तुटते.

सगळं झाल्यावर मल्टिमीटर: सेंडरच्या अंगापासून ब्लॉकपर्यंत ०.३ ओहम. छान.

९ नोव्हेंबर

इंजिन चालू करण्याआधी तेल फिरवून घ्यायचं. पंप जोडतानाच त्यात पेट्रोलियम जेली भरली होती, म्हणजे कोरडा पंपसुद्धा लगेच तेल ओढतो. डिस्ट्रिब्युटर काढला, भोकातून पंपाच्या शाफ्टवर बसेल अशी दांडी ड्रिलला लावली. भाऊ डॅशबोर्डसमोर गेजवर नजर ठेवून, मी ड्रिलवर.

एक मिनिट. दोन. तीन. वरून विचारलं, "हलतोय का?" तर म्हणे, "दादा, झोपलाय."

ड्रिल उलटं फिरत होतं. डिस्ट्रिब्युटर ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला फिरवायचं असतं, हे मला तोंडपाठ आहे, पण वरून बघताना आणि समोरून बघताना डावं-उजवं बदलतं आणि मी मनात समोरूनच बघत होतो. दिशा बदलली. दहा-बारा सेकंद काही नाही, मग ड्रिलचा आवाज एकदम जड झाला आणि मनगटाला झटका बसला. तेव्हाच आतून ओरडा: "साडेतीन!" लाल दिवाही विझला. क्रँक हळूहळू दोन फेरे फिरवत ड्रिल चालू ठेवलं, वरच्या रॉकरपर्यंत तेल आलं.

टी-जोडाच्या स्विचकडच्या तोंडाला थेंब झिरपत होता. अर्धा फेरा आणखी दिल्यावर थांबला.

१० नोव्हेंबर

पहिल्यांदा चालू. दुसऱ्या सेल्फला लागलं. काटा ४.२ वर जाऊन थांबला, तिथे जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडत असावा. नवीन कॅम असल्यामुळे पहिली वीस मिनिटं २००० आरपीएमच्या वर ठेवायची, आयडलला येऊ द्यायचं नाही.

त्या वीस मिनिटांत एक गोष्ट दिसली आणि मन लागेना. टी-जोडाच्या टोकावर सेंडरचा डबा असा थरथरत होता की त्याच्या कडा धूसर दिसत होत्या. डबा जड, पितळी जोड पोकळ, आणि सगळा भार एका १/८ च्या आट्यावर. असा जोड काही महिन्यांनी आट्याच्या मुळाशी मोडतो आणि गाडी चालू असताना मोडला तर चेंबर काही मिनिटांत रिकामा. कॅमचं काम अर्धवट सोडायचं नव्हतं म्हणून वीस मिनिटं पुरी केली, पण पूर्ण वेळ हात किल्लीवर.

ठरलं: सेंडर इंजिनवरून काढून बॉडीवर, मध्ये लवचीक नळी.

१७ नोव्हेंबर

नळी तेल आणि उष्णता सोसणारी, बाहेर विणलेली, दोन्ही टोकांना एम१०×१. सेंडर फायरवॉलवर पट्टीने आवळला. टी-जोडावर आता फक्त हलका स्विच उरला.

इंजिन चालू करायच्या आधीच, नुसती किल्ली फिरवल्यावर, काटा ५ च्याही पलीकडे. इंजिन बंद आणि प्रेशर पाच!

याचं उत्तर दोन मिनिटांत मिळालं. नळीच्या आत रबर, त्यामुळे सेंडरचं अर्थिंग तुटलं. पण इथे जरा थांबून नीट समजून घ्यावं असं आहे. १०–१८० ओहमच्या जातीत वायर तुटली किंवा अर्थिंग गेलं की गेजला अनंत ओहम दिसतात, म्हणजे काटा वर. प्रेशर भरपूर आहे अशी खोटी ग्वाही देतो. वायर बॉडीला चिकटली तर काटा शून्यावर. २४०–३३ च्या जातीत नेमकं उलटं, वायर तुटली की काटा शून्यावर. तुमचा गेज कोणत्या बाजूला खोटं बोलतो हे एकदा वायर काढून आणि एकदा अर्थ करून आजच बघून ठेवा. माझ्या जातीचा खोटेपणा धोक्याचा आहे, कारण तो गोड बोलतो.

पट्टीखाली एक वायर दाबून बॉडीच्या बोल्टला नेली. काटा खाली आला. चालू केलं, गरम झाल्यावर आयडलला १.९. खूश होऊन घरी गेलो.

१८ नोव्हेंबर

रात्री झोप लागेना. गरम आयडलला १.९ हे या इंजिनाला जरा जास्तच वाटत होतं. सकाळी सेंडरच्या जागी यांत्रिक गेज लावला: १.३.

सेंडरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजलं तर २१ ओहम. बोल्टखाली रंग. ३४ ओहमला एक बार, तर २१ ओहमला ०.६ बार. १.३ अधिक ०.६, बरोबर १.९. टेबलावर आकडे लिहून ठेवले नसते तर हा हिशेब सुचलाच नसता.

रंग खरवडून, वायर बॉडीवर न नेता थेट इंजिन ब्लॉकच्या बोल्टला नेली. ०.२ ओहम. आता दोन्ही गेज एकच आकडा सांगतात.

२४ नोव्हेंबर

रस्त्यावर पहिली फेरी. गरम होईपर्यंत सगळं सुरळीत: आयडलला १.३, २५०० ला ३.२. मग सरळ रस्त्यावर ३००० धरून चाललो, आणि सहा-सात मिनिटांनी काटा सरकायला लागला. ३.२, २.५, १.८. गाडी बाजूला घेतली. आयडलला १.३, जसंच्या तसं. पाच मिनिटं बंद ठेवून परत निघालो तर परत ३.२. आणि काही मिनिटांनी परत उतरण.

दिवा अर्थातच लागला नाही.

मला खात्री होती की सेंडरच आहे. दोनदा त्यानेच फसवलं होतं ना. गरम होऊन आतली तार बिघडत असणार, किंवा अर्थिंग.

१ डिसेंबर

सगळी वायर नवीन टाकली. टोकं नवीन. गेजचा पुरवठा वेगळ्या फ्यूजवरून घेतला. काहीही फरक नाही.

८ डिसेंबर

दुसरा सेंडर लावला. तोही उतरतो. आता तरी यांत्रिक गेज लावून गाडी फिरवायची होती, पण त्याची तेलाची नळी केबिनपर्यंत आणायचा कंटाळा केला. पंधरा दिवस त्या कंटाळ्यात गेले.

शेवटी गेज काचेच्या बाहेर, वायपरच्या खाली टेपने चिकटवला आणि फिरून आलो. ३.२ वरून १.७. दोन्ही काटे हातात हात घालून खाली आले.

सेंडर पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता.

९ डिसेंबर

आयडलला बरोबर, वेगात काही वेळाने कमी, उभी केली की परत बरोबर. बेअरिंग ढिली असती तर गरम आयडललाच पहिलं रडगाणं ऐकू आलं असतं. हे लक्षण पंपाला तेल ओढायला न मिळण्याचं आहे. चेंबर उतरवला.

पंप जिथून तेल ओढतो त्या तोंडाच्या जाळीवर सिलिकॉनचे दोरे. २ नोव्हेंबरला सढळ हाताने लावलेलं ते हेच. बाहेर जेवढं आलं तेवढं मी नीट पुसलं होतं, आत तितकंच निघालं होतं आणि सुटून जाळीवर बसलं. कमी वेगात पंप थोडंच तेल मागतो, उरलेली जाळी पुरते. वेग वाढला की ओढ वाढते, दोरे जाळीला चपटे चिकटतात. इंजिन बंद केलं की सुटून तरंगतात, म्हणून पाच मिनिटांनी सगळं ठीक. अर्धी जाळी झाकली गेली होती.

एक मेन आणि एक कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग उघडून बघितलं. ओरखडा नाही, पण अशा गाडीला आठवडाभर अजून पळवलं असतं तर हे वाक्य वेगळं असतं. फिल्टर कापून पसरला: दोन बारीक सिलिकॉनचे तुकडे, धातूचा एकही कण नाही. ८ ऑक्टोबरच्या ब्रशला मनातल्या मनात नमस्कार केला.

जाळी साफ, पंप उघडून धुतला, रिलीफ व्हॉल्व्ह बाहेर काढून बघितला, गुळगुळीत सरकतो. चेंबर परत बसवताना फक्त पॅकिंग, सिलिकॉन कोपऱ्यांत मुगाएवढं.

१५ डिसेंबर

चाळीस मिनिटं सलग ३००० ला. गार इंजिनला ४.२, गरम आयडलला १.३, ३००० ला ३.४. काटा हलला नाही. जुन्या मेकॅनिकांचा ठोकताळा आहे, दर १००० आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार. त्या हिशेबाने ३००० ला २.१ लागतात, त्यापेक्षा बरंच वर आहे.

नवीन फिल्टर आणि तेल टाकून तीनशे किलोमीटर झाले की फिल्टर पुन्हा कापून बघणार. लाल दिव्याच्या वायरला एक बझर जोडायचा राहिलाय, कारण ऊन समोरून असलं की दिवा दिसत नाही. जादा घेतलेला दुसरा सेंडर आणि चुकीचा गेज डब्यात आहेत. एनपीटीवालाही.